बावखलाच्या बागेचे दोन नकाशे

त्या खुंट्या मला दिसल्या तेव्हा मी बकुळीखाली ओणवी होऊन फुलं वेचत होते. आईला देवासाठी बकुळीची फुलं लागत, तीही आपसूक पडलेली, म्हणून लोकांच्या पायाखाली जायच्या आत सकाळीच मला खाली पिटाळलं जाई. चिंचेच्या बुंध्यापासून तळ्याच्या पायऱ्यांपर्यंत एका रेषेत हातभर लांबीच्या लाकडी खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि प्रत्येकीचं डोकं तांबड्या रंगात बुडवलेलं होतं. आदल्या संध्याकाळी तिथे काही नव्हतं. मी एक हलवून पाहिली. ती जमिनीत चांगली खोल गेली होती. उभी राहिले तर पायऱ्यांपाशी नातालिनमावशी भाजीची टोपली कमरेवर घेऊन उभी. ती खुंट्यांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. रोज मला "मंजू, आज मेथी चांगली आहे, आयला सांग" म्हणणारी बाई त्या दिवशी एक शब्द न बोलता निघून गेली. मी काहीच केलं नव्हतं, तरी फुलांची ओंजळ पाठीमागे लपवावी असं मला वाटलं.

आम्ही मूळचे राजापूरकडचे. बाबांची नोकरी मुंबईत, आणि मुंबईत जागा घेणं आवाक्याबाहेरचं, म्हणून वसईला पापडीच्या पुढे नव्याने उठलेल्या तीन मजली बिल्डिंगीत आम्ही दोन खोल्या घेतल्या. खिडकी उघडली की समोर बाग. बाग म्हणजे आज जिला बाग म्हणतात तशी नव्हे. मधोमध बावखल, म्हणजे वसईतल्या जुन्या माणसांनी खणून ठेवलेलं गोड्या पाण्याचं तळं, त्याभोवती चिंचा, उंडी, रायआवळा, एक मोठा आंबा आणि रस्त्याच्या अंगाला ती बकुळ. एका कोपऱ्यात दगडी क्रूस, दुसऱ्या कोपऱ्यात शेंदूर फासलेला एक देव, त्याचं नाव प्रत्येकजण वेगळं सांगे. पाण्याकाठी एक दगडी बाक होता आणि त्यावर झिजलेली अक्षरं होती. कुणी म्हणे ही पोर्तुगीजांच्या वेळच्या मठाची बाग, कुणी म्हणे पेशव्यांच्या सरदाराची. दुमिंग मास्तर, गावच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले, म्हणत, "ती कुणी लावली ते मला ठाऊक नाही. माझ्या आज्याने तिथे आंबा लावला, एवढं ठाऊक आहे."

त्या बागेत दिवसभर माणसं असत. बाजारातून परतणाऱ्या बाया टोपल्या उतरवून पाय पाण्यात सोडून बसत आणि आपल्या बोलीत बोलत. ती बोली मला निम्मी कळे, उरलेली निम्मी मला फिलू समजावून सांगे. फिलू ही नातालिनमावशीची मुलगी, माझ्याच कॉलेजात, माझ्याच बाकावर. दुपारी आमच्या बिल्डिंगीतल्या बायका सावलीत तांदूळ निवडायला जात, कारण बिल वाढेल म्हणून घरात पंखा चालू नसे आणि बंद केलेला पंखा बघत बसण्यापेक्षा चिंचेखाली बरं. लग्नसराईत गावातली नवरी बॅण्ड लावून, करवल्यांच्या घोळक्यात, ह्याच बावखलाचं पाणी न्यायला येई. तेव्हा आम्ही सगळ्या गॅलरीत उभ्या राहत असू आणि नंतर कुणीतरी आमच्याकडे इंदालाचा, म्हणजे शिरका घातलेल्या आंबट-तिखट मटणाचा, डबा आणून देई. आई तो कुतूहलाने हुंगून बघे, दोन बोटं लावून चाखे आणि मग स्वतःच अर्धा संपवी. उन्हाळ्यात नातालिनमावशी सुकेळी देई, उन्हात वाळवून केळीच्या सोपात बांधलेली केळी, मधासारखी चिकट. आम्हाला ह्या गोष्टींचं अप्रूप होतं, पण बागेमुळे त्या आहेत हे काही तेव्हा कुणाच्या मनात आलं नव्हतं.

खुंट्या दिसल्या आणि आठवड्याभरात सगळ्या वस्तीची नजर फिरली. गावातल्यांना वाटे, हे बिल्डिंगवाल्यांचं काम, ह्यांना दुकानं हवीत, गाड्या लावायला जागा हवी. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पाटणकर जिन्यात उभे राहून हलक्या आवाजात सांगत, "अहो, गावातल्यांनीच कागद दिले असणार. जमीन त्यांची, सह्या त्यांच्या. वर आपल्याकडे बोट." मास्तर मात्र दोन्हीकडच्यांना एकच सांगत फिरत होते. बावखल बुजलं तर आजूबाजूच्या विहिरींत खाडीचं खारं पाणी शिरेल, वाड्यांतल्याही आणि सोसायटीच्याही. त्यांचं म्हणणं सगळे ऐकून घेत आणि ते वळले की विचारत, मास्तरांना एवढी काळजी कशाला? त्यांचा काय वाटा आहे?

मला खरं सांगायला हवं. संशय घ्यायला मला तेव्हा आवडू लागलं होतं. सतराव्या वर्षी आपल्याला इतरांपेक्षा जास्त दिसतं असं वाटण्यात एक नशा असते. कोण कुणाशी बोलताना मी आले की थांबतं, पांढऱ्या गाडीतून येणारा तो गॉगल लावलेला माणूस कुणाच्या दारात उतरतो, हे सगळं मी टिपून ठेवत होते. तो बिल्डरचा माणूस होता एवढं सगळ्यांना माहीत झालं होतं. आणि एका शनिवारी दुपारी मी त्याला आमच्या बाबांशी बोलताना पाहिलं, पापडीच्या नाक्यावर, रसवंतीच्या मागे. बाबा मान हलवत होते. घरी आल्यावर मी सहज विचारलं, "बाबा, कुणाशी बोलत होतात?" ते म्हणाले, "कुठे? मी थेट घरीच आलो."

बाबा ड्राफ्ट्समन होते. फोर्टातल्या एका ऑफिसात इतरांनी ठरवलेल्या इमारती ते कागदावर उतरवत आणि सुट्टीच्या दिवशी घरी बाहेरची कामं करत. आमच्या बाहेरच्या खोलीत त्यांचं मोठं टेबल होतं, त्यावर टी-स्क्वेअर, आणि खोलीला कायम अमोनियाच्या प्रिंटांचा उग्र वास. बोलणं कमी, अक्षर सुरेख. घरात त्यांच्याविषयी कुणाला कधी प्रश्न पडले नव्हते. पण त्या महिन्यात आमच्याकडे फ्रिज आला. आईने त्याला हळदकुंकू लावलं, त्यावर क्रोशाचा रुमाल घातला, शेजारणींना थंडगार कोकम सरबत दिलं. "बाहेरचं काम मोठं मिळालंय ह्यांना," ती सांगत होती. "कसलं?" असं कुणी विचारलं की ती बाबांकडे बघे आणि बाबा पेपर उघडत.

रविवारी ते आंघोळीला गेल्यावर मी टेबलावरची गुंडाळी सोडली. वरच्या ट्रेसिंग पेपरवर आमची बाग होती. मी रस्ता ओळखला, आमच्या बिल्डिंगीचा चौकोन ओळखला. बावखलाच्या जागी तुटक रेषांचा एक गोल होता आणि त्यात बाबांच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'खड्डा, पावसाळी पाणी'. झाडं चारच दाखवली होती. क्रूस नव्हता, देव नव्हता, बाक नव्हता. त्याखालच्या कागदावर त्याच जागेवर एक लांबलचक इमारत होती, खाली दुकानांचे गाळे. मी गुंडाळी जशी होती तशी बांधली. न्हाणीघरातून बाबांचं स्तोत्र ऐकू येत होतं, आणि ते इतक्या शांतपणे कसं म्हणू शकतात ह्याचा मला राग आला.

सोमवारी दगडी बाकावर बसून मी फिलूला सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज कापत होता, पण त्या कापण्यात थोडा तोराही होता, हे आता मला कळतं. फिलू पाण्याकडे बघत ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, "तू नक्की बघितलंस?"

"माझ्या डोळ्यांनी."

"तुझ्या बाबांना विचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं? ते खोटं बोलतात."

ती उठली. स्कर्टला लागलेली माती झटकली आणि म्हणाली, "बरं." त्या एका शब्दात माझ्या घराचं काय होणार हे मला कळेना. जिना चढेपर्यंत मला पश्चात्ताप होऊ लागला होता, पण परत जाऊन तिला 'सांगू नकोस' म्हणायचं धैर्य झालं नाही.

दुसऱ्या दिवशी नातालिनमावशी आमच्या दारी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आई जिन्यात डोकावून आली आणि म्हणाली, "अख्ख्या बिल्डिंगीतच आली नाही म्हणे." मी तिकडे लक्ष दिलं नाही. माझ्या मनाने घेतलं होतं की फिलूने घरी सांगितलं आणि गावाने आमच्यावर बहिष्कार घातला. कॉलेजात मी बाक बदलला. फिलू दोनदा जवळ आली, मी वहीत डोकं घातलं. माझं गुपित तिने चव्हाट्यावर मांडलं असं मला वाटत होतं. ते गुपित माझं नव्हतंच, बाबांचं होतं आणि ते मीच फोडलं होतं, ही गोष्ट मला सोयीने दिसली नाही. घरात तर त्याहून विचित्र. बाबांनी मंगळवारी अचानक रजा टाकली. तोवर त्यांनी आजारपणातही रजा घेतली नव्हती. पहाटे टेप आणि वही घेऊन ते बाहेर जात, पायांना चिखल लागलेला घेऊन परत येत आणि बाहेरच्या खोलीचं दार लावून टेबलाशी बसत. आई दारावर ताट घेऊन उभी राही, ते दार फटीएवढं उघडून ताट घेत. कुळथाची पिठी निवून दगड होई. मला वाटलं, काम उरकायची घाई लागली आहे, लोकांना कळायच्या आत.

पुढच्या रविवारी, चर्चमधली मिस्सा संपल्यावर, मास्तरांनी आधीच जाहीर केलेली सभा बागेत भरली. गावातले लोक एका बाजूला, चर्चच्या कपड्यांतच, बिल्डिंगवाले दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये त्या खुंट्यांची रांग. आई मला घेऊन गेली. बाबा घरीच होते. मास्तरांनी फार प्रस्तावना केली नाही. "ह्या मोजणीबद्दल कुणाला काय ठाऊक असेल ते आज सांगा," ते म्हणाले. "मागाहून एकमेकांच्या पाठीमागे बोलू नका." पाटणकर लगेच उठले आणि सातबाऱ्यावर कुणाची नावं आहेत ते आधी गावाने सांगावं म्हणाले. त्यावर गावातून दोघेतिघे एकदम उठले. आवाज चढले. कुणीतरी म्हणालं, "पानी आमचं पिता आणि वर आम्हालाच चोर म्हनता?" त्या गलक्यात बाबा कधी आले मला दिसलं नाही. ते खुंट्यांच्या रांगेपाशी, ना इकडे ना तिकडे, असे उभे होते आणि हातात दोन गुंडाळ्या होत्या.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक होता की मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "हा नकाशा मी काढलाय. बिल्डरसाठी. त्यांनी सांगितलं तसा काढला. बावखलाला खड्डा लिहिलं ते माझं अक्षर आहे."

मी खाली मान घातली. माझी खात्री होती की सगळ्यांना हे आधीच माहीत आहे आणि आता ते आश्चर्याचं सोंग करत आहेत. पण नातालिनमावशी आ वासून बाबांकडे बघत राहिली, ते मला अजून आठवतं. एक म्हातारा हळूच म्हणाला, "साळवीसायब, तुम्ही?" आई माझ्या शेजारी होती. तिने माझा हात धरला नाही. ती सरळ समोर बघत राहिली.

बाबांनी दुसरी गुंडाळी मास्तरांच्या हातात दिली. "ही खरी जागा. एक-एक झाड मोजलंय. पायऱ्या मोजल्यात, विहिरी दाखवल्यात. हरकत घ्यायची असेल तर हा कागद जोडा. खाली मी सही केली आहे." दोन माणसांनी तो कागद दोन बाजूंनी धरला. पुढची माणसं वाकून बघू लागली, मग मागची त्यांच्या खांद्यावरून. आपली चिंच कुठे, आपला क्रूस कुठे, असं बोट फिरवत बघताना खुंट्यांची रांग कुणी कधी ओलांडली ते कळलं नाही. पण सगळे काही विरघळले नाहीत. पाटणकर तोंड वाकडं करून म्हणाले, "आधी विकलं, आता वाचवायला निघाले." हे वाक्य आमच्या घराला पुढे कित्येक वर्षं चिकटलं.

हरकत दाखल झाली. काही आठवड्यांनी कचेरीतून एक साहेब पाहणीला आले. त्यांच्याजवळ बाबांचा पहिला नकाशा होता, मास्तरांजवळ दुसरा. दोन्ही कागदांवर अक्षर एकच असल्यामुळे साहेब गोंधळले होते आणि बाबांकडे ज्या नजरेने बघत होते ती मी विसरले नाही. सगळी वस्ती त्यांच्या मागून बागेत फिरली. "उंडी?" साहेब विचारत. "ह्या तीन," बाया सांगत. बावखलाशी आल्यावर साहेब म्हणाले, "पण हा तर पावसाळी खड्डाच वाटतो. गाळ आहे नुसता." तेव्हा नातालिनमावशीने लुगडं खोचलं आणि ती सरळ पाण्यात उतरली. एक पायरी, दुसरी, तिसरी. गाळात पाय रोवत ती कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. "माझ्या लग्नाला ह्याच पायरीवरून घागर भरली," ती म्हणाली. "अजून तीन आहेत खाली. उतरू?" मास्तर शांतपणे म्हणाले, "साहेब, खड्ड्याला कुणी पायऱ्या बांधत नाही." साहेबांनी हातातला कागद दुमडला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

बाग पूर्ण वाचली असं नाही. रस्ता रुंद करताना एक पट्टा गेला आणि त्यात माझी बकुळ गेली. पण बावखल राहिलं, चिंचा राहिल्या, विहिरींचं पाणी गोड राहिलं. आता तिथे कुंपण आहे, पाटी आहे, बेडकाच्या तोंडाच्या कचरापेट्या आहेत आणि सकाळी हसण्याचा वर्ग भरतो. मला ते थोडं हास्यास्पद वाटतं. तरी गोखिवऱ्याला राहणारी माझी मुलगी नातवाला घेऊन आली की पहिलं तिथेच जाते, कारण तिच्या टॉवरखाली खेळायला नुसती फरशी आहे.

बाबांना बाहेरची कामं पुन्हा मिळाली नाहीत. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. नातालिनमावशी परत येऊ लागली आणि आमच्या दारी टोपली उतरवून बसू लागली. फिलूशी मात्र माझं तुटलं ते तुटलं. बाबा सभेत उभे राहिले ते कोंडीत सापडल्यामुळे, आणि कोंडीत पकडलं ते फिलूने गावभर करून, असं मी ठरवून टाकलं होतं. तिच्या लग्नात ती बॅण्डच्या मागून, डोक्यावर पदर घेऊन बावखलाचं पाणी न्यायला आली. पायऱ्यांवर उभं राहून तिने आमच्या गॅलरीकडे वर पाहिलं. मी पडद्याआड सरकले. पुढे ती नर्स होऊन नवऱ्याबरोबर परदेशी गेली.

बाबा थकल्यावर मी त्यांना संध्याकाळी बागेत घेऊन जाई. एकदा मी विचारून टाकलं, "बाबा, दुसरा नकाशा तुम्ही कधी काढायला घेतलात? आधीच मनात होतं, की सगळ्यांना कळलं म्हणून?"

ते बाकावर टेकले. मग म्हणाले, "सगळ्यांना कुठे कळलं होतं? एकटी फिलू आली होती."

"कुठे?"

"सोमवारी. मी ऑफिसातून परत येत होतो, तर ही नाक्यावर उभी. म्हणाली, काका, मला मंजूकडून नकाशाचं कळलंय. मी तिला उडवून लावलं. म्हटलं, तसा काही नकाशा नाही, माझ्या मुलीला त्यातलं काय कळतंय. ती वाद घालत बसली नाही. म्हणाली, मी कुणाला सांगणार नाही. पण रविवारी मास्तर विचारतील, तेव्हा तुम्ही हेच सगळ्यांसमोर म्हणा." बाबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "सतरा वर्षांची पोर. ओरडली असती तर बरं झालं असतं. मंगळवारी मी रजा टाकली."

"तिने खरंच कुणाला सांगितलं नाही?"

"आईलासुद्धा नाही. मावशी येत नव्हती ती खुंट्यांमुळे, गाव सगळ्याच बिल्डिंगीवर चिडलं होतं. सभेत तिच्या आईचं तोंड बघितलं नाहीस तू?"

मी बघितलं होतं. बघून मला ते सोंग वाटलं होतं. बाबांना घरी सोडून मी तशीच वाडीत गेले. नातालिनमावशी ओट्यावर बसून वाल सोलत होती, डोळ्यांना कमी दिसत असल्याने शेंगा बोटांनी चाचपत. मी तिच्याकडे फिलूचा नंबर मागितला. इतक्या वर्षांनी कशाला, असं तिने विचारलं नाही. नातवाला हाक मारून तिने भिंतीवरची वही मागवली.

"दर फोनला विचारते ती," मावशी म्हणाली, "मंजूचे बाबा कसे आहेत, बागेत येतात का."

"आणि माझं?"

तिने पुढची शेंग उचलली. "नाय बा. तुझं नाय विचारत."

मी नंबर उतरवून घेतला. एक आकडा चुकला म्हणून दोनदा लिहावा लागला.